हापसा कुणाचा आणि पाना कुणाकडे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही आटपाडीकडच्या, सिव्हिल झालंय, पाणीपुरवठ्यात चार वर्षं काढलीत आणि आता परदेशी पैशावर आफ्रिकेतल्या मलावी देशात दोनशे हापसे बसवायचे आहेत तिथं मॉनिटरिंगच्या नोकरीसाठी बोलावणं आलंय. घरातले म्हणतायत की यूएसएड, म्हणजे अमेरिकी सरकारची परदेशी मदत वाटणारी संस्था, बंद पडली, परदेशी मदत म्हणजे नुसतं नाटक, कशाला त्या भानगडीत पडतीस. तुम्ही विचारलंय की मदत खरंच उपयोगी पडते का, पडायची असेल तर ती कशी द्यावी लागते, आणि जावं का.

मी मिरजेचा. सुरुवात हातपंप दुरुस्तीच्या पथकावर केली, मग पाणलोटाच्या कामात, आणि शेवटची काही वर्षं मलावी आणि इथिओपियात पाण्याच्याच प्रोजेक्टवर. त्यामुळं मी सांगणार ते पाण्याच्या बाजूनं, शाळा किंवा शेतीवाला माणूस कदाचित वेगळं सांगेल. आणि हो, मलावी म्हटलं की आपल्याकडं लोकांना आता नोव्हेंबर-डिसेंबरात येणारा मलावी हापूस आठवतो. त्याची कलमं कोकणातूनच तिकडं गेलीत, हे तिथं गेल्यावर जेवताना सांगायला बरं पडतं.

"मदत उपयोगी पडते का" या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण मदत ही एक वस्तूच नाही. लस पण मदत, धरण पण मदत, सल्लागाराचं विमानाचं तिकीट पण मदतीतच धरतात. मला तुमचा खरा प्रश्न वेगळा दिसतोय. बसवलेली गोष्ट बिघडली की गावातला माणूस कुणाच्या दारात जाणार, आणि तो गेला तर दार उघडायची सक्ती कुणावर आहे?

हे मला पुस्तकात नाही, जत तालुक्यात एका वस्तीवर कळलं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. हापसा दीड महिना बंद होता. आम्ही जीप आणि ट्रॉली घेऊन गेलो, चौघंजण. क्लॅम्प लावून एकेक पाईप वर घ्यायचा, तीन मीटरचा एक, असे दहा-बारा, जस्त चढवलेले लोखंडी, ओले, हातातून निसटतात. सगळं वर आल्यावर सिलिंडर खोलला तर आतला चामडी वॉशर झिजून कडा गेलेल्या. बास. काही रुपयांचा वॉशर. त्यासाठी बायका दीड महिना दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर जात होत्या. तिथं एक म्हातारी बसली होती, ती म्हणाली, "हापसा आमचा म्हनायचा आन् पाना तुमच्याकडं, मग आमचा कसला?" मी तेव्हा पंचविशीतला, हसलो आणि विसरलो. नंतर जगात जिथं जिथं गेलो तिथं तेच वाक्य आठवत राहिलं.

आता गंमत बघा, तो हापसा स्वतःच परदेशी मदतीतून आलेला आहे, आणि मदत कशी बिघडते नि कशी सुधारते याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण तोच आहे. साठीच्या दशकात बिहारच्या दुष्काळाच्या वेळी युनिसेफनं कठीण खडकात बोअर मारणाऱ्या रिग भारतात आणल्या. बोअर धडाधड झाल्या. पण वर बसवले ते ओतीव लोखंडाचे पंप, ज्यांचं मूळ डिझाइन अमेरिका-युरोपातल्या एका घराच्या अंगणासाठीचं. आपल्याकडं त्याच्यावर अख्खं गाव, पहाटेपासून रात्रीपर्यंत. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा चारातले जवळपास तीन पंप बंद सापडले. कागदावर मात्र प्रोजेक्ट एकदम यशस्वी, कारण मोजत होते बोअरची संख्या.

सुटका कुठून झाली तर आपल्याच मुलखातून. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या वर्कशॉपमध्ये स्टीलचा दणकट पंप आधीच तयार केलेला होता, सोलापुरात त्याच्यात आणखी सुधारणा झाली, हँडलला साखळी आली आणि बेअरिंग आलं, त्यामुळं रॉड सरळ वर-खाली व्हायला लागला आणि घासाघीस कमी झाली. युनिसेफच्या लोकांनी हा सोलापूर पंप बघितला आणि स्वतःचं डिझाइन रेटत न बसता तोच आधाराला घेतला, कोइम्बतूरच्या बाजूला गावात बसवून वापरून बघितला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात १९७७ च्या सुमाराला उत्पादन सुरू झालं. तोच इंडिया मार्क टू. डिझाइनवर कुणाचं पेटंट ठेवलं नाही, कुठल्याही कारखान्यानं बनवावा, फक्त आयएसआय मानकाला उतरावा. पुढं लाखोंनी बसले आणि आफ्रिकेतही गेले. इथं परदेशी पैसा होता, परदेशी माणसं होती, पण पंप कोण वापरणार आणि कोण बनवणार या दोन्हीची उत्तरं इथली होती.

याच्या उलट प्लेपंप आठवा. पोरं चक्राकार झोपाळ्यावर खेळणार आणि त्यानं पाणी उपसलं जाणार, दक्षिण आफ्रिकेतली कल्पना. फोटो भारी येतात. २००६ ला अमेरिकी सरकार आणि फाउंडेशन मिळून १.६४ कोटी डॉलर जाहीर झाले, १० देशांत हजारो पंप बसवायचे ठरले. साध्या हापशाच्या कितीतरी पट किंमत, आणि पोरं शाळेत गेली की बायकांनीच ते चक्र ढकलायचं. तीन-चार वर्षांत गुंडाळलं. मला त्यात चोरी कुठं दिसत नाही, माणसं सज्जनच असणार. पण पंप निवडताना देणगीदाराला तो बघायला कसा वाटतो हा विचार पुढं होता आणि पाणी भरणारी बाई मागं होती.

मलावीत तुम्हाला बहुतेक ॲफ्रिडेव्ह पंप भेटेल. तो मुद्दाम गावातल्या गावात दुरुस्त होईल असा केलेला आहे, प्लॅस्टिकचे पाईप, आणि खोलायला अक्षरशः एक पाना पुरतो. त्या म्हातारीला दाखवला असता तर खूश झाली असती. पण म्हणून प्रश्न मिटला का? नाही. मी एका जिल्ह्यात बघितलं, एकाच गावात अर्ध्या किलोमीटरच्या आत तीन पंप, तीन बोर्ड, तीन वेगळे झेंडे, त्यातला एक चालू. तिन्ही पंपांच्या तीन पाणी समित्या, तिघींनाही ट्रेनिंग दिलेलं, तिघींकडंही सर्टिफिकेट. एका समितीच्या खजिनदार बाईनं पत्र्याचा डबा आणून दाखवला, वर्षभर घरटी गोळा केलेले क्वाचा, म्हणजे तिथलं चलन, व्यवस्थित मोजून रबर लावून ठेवलेले. पण पार्ट मिळायचं दुकान चाळीस किलोमीटरवर, आणि डब्यात पैसे पडून असेपर्यंत क्वाचाची किंमतच इतकी उतरली की जेवढ्यात एक संच येणार होता तेवढ्यात आता नुसते वॉशर येत होते. तिच्या हातात पाना होता, दुकान नव्हतं. आणि ज्यांनी बोर्ड लावले त्यातलं कुणी त्या जिल्ह्यात उरलंच नव्हतं, प्रोजेक्ट तीन वर्षांचा, तो संपला. तेव्हापासून "समितीला ट्रेनिंग दिलं" या ओळीवर माझा विश्वास बसत नाही. फुकटात काम करणारी समिती किती वर्षं टिकणार, आपल्याकडच्या पाणीपुरवठा समित्या आठवा. केनियात काही भागात आता समितीऐवजी स्थानिक मेकॅनिकची कंपनी ठरावीक फी घेऊन पंप चालू ठेवते, तीन दिवसांच्या आत दुरुस्ती करते, काही पैसे गाव देतं आणि काही बाहेरून. मला ते जास्त पटतं, कारण तिथं बाहेरचा पैसा पंपाला जात नाही, पंप चालू राहण्याला जातो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सगळ्याच मदतीला नावं ठेवतोय.

काही कामं अशी असतात की बाहेरून येऊन करून जाता येतात. देवीचा रोग. शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ ला सोमालियात, त्यानंतर देखभालीला काही उरतच नाही. अशा ठिकाणी परदेशी पैसा वाया गेला म्हणणाऱ्याशी मी वादच घालत नाही. संकटातली मदतही वेगळी. २०१६ ला आपल्या मिरजेतनं लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते पाठवायलाच पाहिजे होतं, तिथं शाश्वत विकासाचं व्याख्यान द्यायचं नसतं. पण रेल्वेनं लातूरच्या पाण्याचा प्रश्न सुटला असं कुणी म्हणालं का? नाही ना. घोळ तिथं होतो जिथं टँकरच्या डोक्यानं नळपाणी योजना चालवायला जातात.

या दोन्हींत न बसणाऱ्या, सतत चालू ठेवायच्या कामांत मोजमाप कामाला येतं, आणि तुमची नोकरी तीच आहे म्हणून सांगतो. उदयपूर जिल्ह्यात लसीकरणाचा प्रयोग झाला होता, ज्यातल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ ला नोबेल मिळालं. जिथं काहीच वेगळं केलं नाही तिथं पूर्ण लसीकरण ६ टक्के, जिथं ठरल्या दिवशी न चुकता कॅम्प लावला तिथं १८, आणि कॅम्पसोबत दर खेपेला एक किलो डाळ दिली तिथं ३९. डाळ देऊनही एका पोरामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण नर्स रिकामी बसत नव्हती. आपल्या कुठल्याही आशाताईला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही, पण आकडा हातात असला की वरच्या साहेबाला गप्प करता येतं. पण तेवढंच. डाळीचा प्रयोग राजस्थानात चालला म्हणून मलावीत चालेल असं नाही, आणि काही गोष्टी अशा मोजताच येत नाहीत, उदाहरणार्थ जिल्ह्याच्या पाणी खात्यातला माणूस शिकून तयार झाला का.

दुसरी गोष्ट देणाऱ्यांच्या गर्दीची. सांगलीकराला हे समजावायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ओसरल्यावर मदतीचे ट्रक आले. लोकांनी मनापासून पाठवलं होतं, पण हायवेलगतच्या गावांना बिस्किटं चार-चार वेळा मिळाली आणि आतल्या वाड्यांना चटई मिळेना, जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात. आता हेच चित्र एका गरीब देशाच्या आरोग्य खात्यावर बारा महिने तेरा काळ चालू आहे असं समजा. प्रत्येक देणगीदाराचा वेगळा फॉर्म, वेगळी भेट, वेगळं ऑडिट, वेगळं ऑफिस. त्यात खात्यातला सगळ्यात हुशार माणूस जास्त पगारावर त्या वेगळ्या ऑफिसात जातो. २००५ ला पॅरिसमध्ये देणाऱ्या-घेणाऱ्या देशांनी बसून ठरवलं होतं की दिशा घेणाऱ्या देशानं ठरवायची, पैसा शक्यतो त्याच्याच यंत्रणेतून जायचा, देणाऱ्यांनी आपापसात जुळवून घ्यायचं, निकाल मोजायचे आणि दोघांनीही एकमेकांना जाब द्यायचा. पुढं अक्राला आणि बुसानला अशाच बैठका झाल्या. कागद उत्तम आहे. पण झेंडा लावायची हौस कागदानं जात नाही.

आणि तिसरी गोष्ट अटींची. सगळ्यात ढोबळ अट म्हणजे आमचाच माल घ्या. ऐंशीच्या दशकात ब्रिटननं भारताला ६.५ कोटी पौंडांची मदत दिली, ती त्यांच्याच वेस्टलँड कंपनीची २१ हेलिकॉप्टर घेण्यासाठी, जी आपल्याला फारशी नकोच होती. दोन अपघात झाले, १९९१ ला ती जमिनीवरच बसवली आणि शेवटी सगळी मिळून ९ लाख पौंडांना विकली गेली. ती मदत भारताला होती का वेस्टलँडला, तुम्हीच सांगा. अशी बांधलेली मदत साधारण १५ ते ३० टक्क्यांनी महाग पडते असा अंदाज मानला जातो.

पण अटीचं मला जास्त जवळचं उदाहरण सांगलीतलंच आहे. संग्राम ही संस्था १९९२ पासून इथल्या देहविक्री करणाऱ्या महिलांसोबत एड्सच्या प्रतिबंधाचं काम करते, आणि ते काम त्या महिलाच करतात, कंडोम त्याच वाटतात, दवाखान्यात त्याच घेऊन जातात. अमेरिकेनं २००३ ला एड्ससाठी प्रचंड मोठा निधी काढला, त्यानं जगात असंख्य जीव वाचले हे खरंच आहे. पण त्या कायद्यात अट होती की पैसा घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण लेखी मान्य करायचं. आता ज्या बायकांच्या जोरावर काम चाललंय त्यांच्याच तोंडावर हे कसं लिहून द्यायचं? २००५ ला संग्रामनं यूएसएडचा पैसा परत केला. त्याच वर्षी ब्राझीलनंही याच कारणावरून ४ कोटी डॉलर नाकारले. पुढं २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तिथल्या संस्थांपुरती ही अट घटनाबाह्य ठरवली, परदेशी संस्थांना मात्र २०२० च्या निकालात तो दिलासा मिळाला नाही. आपल्या जिल्ह्यातली एक संस्था एवढ्या मोठ्या देणगीदाराला नाही म्हणते, हे मला त्या वेळी फार मोठं वाटलं होतं, कारण मी तेव्हा ज्या प्रोजेक्टवर होतो तिथं आम्ही कशालाही हो म्हणायचो. एकदा तर आमच्या अहवालाच्या फॉर्ममध्ये ऐनवेळी "हवामान बदल" हा रकाना आला म्हणून आधीच बांधलेल्या बांधांना आम्ही रातोरात हवामान बदलाचे बांध करून टाकलं. लाज वाटते, पण केलं.

तर इथवरचा धागा एवढाच की अहवाल वर जातो, देणाऱ्याकडं. खाली, गावाकडं, काहीच जात नाही. गावाला मतदानानं मदत संस्थेचा साहेब बदलता येत नाही, आणि ज्या अमेरिकन किंवा ब्रिटिश करदात्याचा पैसा आहे त्यानं तो पंप जन्मात बघितलेला नसतो.

याला उलट उदाहरणही सांगलीचंच. १९७२ च्या दुष्काळात बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली असं आमच्या घरातले म्हातारे सांगायचे, त्यानं माणसं जगली. पण टिकलं काय, तर रोजगार हमी. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ ला प्रयोग करून बघितलेली योजना, ७२ ला राज्यभर, १९७७ ला कायदा, १९७९ पासून अंमल. पैसा व्यवसाय करातून, म्हणजे आपल्याच पगारातून कापलेला. आणि मुख्य म्हणजे मजुराला तहसीलच्या दारात जाऊन काम द्या म्हणता येत होतं, नाही दिलं तर भत्ता द्या म्हणता येत होतं. भ्रष्टाचार झाला का? लय झाला, मस्टरवर मेलेली माणसं कामाला होती. पण भांडायला जागा होती, मोर्चे निघाले, विधानसभेत प्रश्न आले. केंद्राचा २००५ चा कायदा याच वाटेनं आला. आत्ता मला कुणी विचारलं की परदेशी पैसा कुठं लावू, तर मी म्हणेन जिथं असं भांडता येणारं काही आधीच आहे त्याला जोड द्या, शेजारी नवीन दुकान मांडू नका. जर्मनांनी महाराष्ट्रात पाणलोटात बऱ्यापैकी हेच केलं, पैसा नाबार्डमार्फत, गावानं श्रमदान आणि चराईबंदी-कुऱ्हाडबंदी आधी करून दाखवायची, मगच मोठं काम. हळू चालतं, देणगीदाराचा जीव वरखाली होतो, पण बांध राहतात.

तुमच्या घरच्यांच्या यूएसएडच्या मुद्द्याबद्दल. १९६१ ला सुरू झालेली संस्था २०२५ च्या १ जुलैला अधिकृतपणे थांबली, त्याआधी जानेवारीतच कामं गोठवली होती. मला तिच्याबद्दल तक्रारी भरपूर, वर लिहिल्याच की. पण एचआयव्हीच्या गोळ्या रोज घेणाऱ्या माणसाचा पुरवठा एका आदेशानं अडकवणं म्हणजे सुधारणा नाही. भारताला धक्का कमी बसला कारण आपल्या बजेटमध्ये परदेशी मदत चिमूटभर. २००३ लाच आपण छोट्या देणगीदारांना आता पुरे म्हणून सांगितलं, ब्रिटननं २०१५ ला पारंपरिक मदत बंद केली, आपलं काही अडलं नाही. मलावीचं तसं नाही, तिथं दवाखान्यातलं औषधच बऱ्याच अंशी त्या पैशावर. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के द्यावेत हे संयुक्त राष्ट्रांत १९७० ला ठरलं, आजही नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच तिथवर पोचतात, बाकीचे कमीच करत चाललेत. म्हणून मदत कितीही वाईट दिली तरी चालेल असं नाही, उलट थोडी उरली तर नीट द्यायला पाहिजे.

जावं का? माझ्या मते जा, पण मुलाखतीत तुम्हीही त्यांना विचारा. बोअर कुठल्या महिन्यात मारणार हे पहिलं. मलावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. देणगीदार ब्रिटिश असेल तर पैसा ३१ मार्चच्या आत संपवायची घाई, म्हणजे आपला मार्च एंडच, आणि त्या वेळी पाणी वर आलेलं असतं. तेव्हा चाचणीत पास झालेली बोअर ऑक्टोबरात कोरडी. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल आहे, बघतात का विचारा, साडेसहाच्या खाली असेल आणि जीआय म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाईप टाकले तर दोन-तीन वर्षांत गंजून तांबडं पाणी येतं आणि बायका ते सोडून नदीवर जातात. जिल्ह्याच्या पाणी खात्याला या दोनशे जागांची यादी माहीत आहे का, का ही यादी फक्त तुमच्या लॅपटॉपमध्ये असणार. प्रोजेक्ट संपल्यावर दोन वर्षांनी किती पंप चालू आहेत हे बघायला बजेट ठेवलंय का. शेवटच्या प्रश्नावर ते गडबडतील, गडबडू दे. पण त्यातला कुणी प्रामाणिकपणे "नाही ठेवलं, तुम्ही आल्यावर बघू" म्हणाला तर त्याच्या हाताखाली काम करायला हरकत नाही.

ॲफ्रिडेव्हचा एक सेट जोडून-खोलून बघायची सवय जायच्या आधी किंवा गेल्या गेल्या करून घ्या, मॉनिटरिंगवाली बाई स्वतः पंप खोलते म्हटल्यावर तिथले मेकॅनिक खरं बोलायला लागतात. आणि ऑफर लेटरवर सही करायच्या आधी पगार डॉलरमध्ये देणार का क्वाचामध्ये ते लेखी घ्या, त्या खजिनदार बाईच्या डब्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.